पुण्यात शिकत असताना लघुपट आणि समाजमाध्यमांच्या आधारे व्यावसायिक ओळख कशी निर्माण करावी?

आपण महाविद्यालयात शिकता, चित्रफितींचे संकलन (एडिटिंग) करता आणि इन्स्टाग्रामवर रोज काही टाकावे का, असे विचारले आहे. माझ्या मते त्याची गरज नाही. काम देणारी व्यक्ती आपले अनुयायी मोजण्याआधी आपण नेमके काय केले आहे हे पाहते. म्हणून निवडक दृश्यांची दीड-दोन मिनिटांची शोरील यूट्यूबवर किंवा व्हिमिओवर ठेवावी, सर्वांत चांगले दृश्य आरंभीच घ्यावे, आणि प्रत्येक दृश्यात आपला वाटा कोणता, म्हणजे छायाचित्रण, संकलन की ध्वनी, हे वर्णनात प्रामाणिकपणे लिहावे. (सगळेच स्वतःला दिग्दर्शक म्हणवतात, चांगला संकलक मात्र शोधावा लागतो.) लिंक्डइनवर तोच दुवा, खरे नाव आणि साधे छायाचित्र पुरेसे आहे. संपूर्ण लघुपट मात्र लगेच सार्वजनिक करू नये, कारण काही महोत्सव आधीच ऑनलाइन प्रदर्शित झालेल्या चित्रकृती स्वीकारत नाहीत; तोवर यूट्यूबवर तो ‘अनलिस्टेड’, म्हणजे दुवा असलेल्यांनाच पाहता येईल असा, ठेवता येतो. पार्श्वसंगीताचे हक्क तपासावेत, अन्यथा चित्रफीत अडवली जाऊ शकते. पुण्यात फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन कलास्पर्धांमुळे कलाकार विद्यार्थी सहज भेटतात. त्यांच्या तालमींचे, त्यांची परवानगी घेऊन केलेले चित्रण हाही उत्तम नमुना ठरतो.