तिकिटावर साडेपाच तास, प्रवास सोळा तासांचा

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत मुंबईहून न्यूयॉर्कला एकटी निघाले आहे. तिकिटावर विमान रात्री दीडला सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी सातला पोचतं. जावई म्हणतात, सोळा तास लागतील. शिवाय विमान आइसलँडवरून जातं म्हणे! न्यूयॉर्क तर नकाशात सरळ पश्चिमेला दिसतं. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळाही सांभाळायच्या आहेत. नेमकं काय समजायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जावयांचं बरोबर आहे. माझी सगळी नोकरी विमानांचे मार्ग आणि इंधन ठरवण्यात गेली, तेव्हा हे जरा सविस्तर सांगतो.

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळचे सात वाजतील तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील. रात्री दीडपासून मोजा, सोळा तास भरतात.

आता मार्ग. नातवंडांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो कंदाहार, मॉस्को, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जाईल. हेच सर्वांत जवळचं अंतर, सुमारे १२,५४० किलोमीटर. सपाट कागदावर उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून कागदावर मुंबईहून न्यूयॉर्कला काढलेली आडवी रेघ जवळची वाटते.

पण विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अरबी समुद्रावरून वळसा घेणं आलं. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. आणि सगळ्यांत मोठा हिशेब वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो फार जोरात असतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येतानाचा प्रवास बहुधा तास-दीड तासाने कमी भरतो. मार्ग ठरवणारा माणूस किलोमीटर नंतर बघतो, आधी त्या दिवसाचा वारा बघतो. लांबचा रस्ता लवकर पोचवत असेल तर विमान लांबूनच न्यायचं.

म्हणून ताई, अंतराचा विचार सोडा, तास मोजा, आणि ते साताऱ्याच्या दारापासून मोजा. मुंबईपर्यंतची गाडी, विमानतळावर तीन-चार तास आधी पोचणं, उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग, हे सगळं धरलं तर एका दिवसाहून जास्त होतं. एकट्या आहात, तेव्हा व्हीलचेअरची मागणी आधीच नोंदवा. चालता येत असलं तरी. विमानात अधूनमधून उठून फिरा, पाय आखडू देऊ नका.

गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यापुढे तिकीट न ठेवता हे आकडे ठेवा : जाताना तुमचा तो दिवस साडेचौतीस तासांचा होणार. परत याल तेव्हा बहुधा उन्हाळा असेल. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचा राहतो आणि येतानाचा दिवस साडेचौदा तासांचाच होतो. इन्सुलिन असेल तर हे आवर्जून विचारा. विमानात मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.