क्वांटिकोचा पहिला आठवडा

अमेरिकेत क्वांटिकोला होणाऱ्या एफबीआय नॅशनल अकॅडमीसाठी, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी, निवड झाली, मनापासून अभिनंदन! दहा आठवड्यांतला पहिलाच जरा जड जातो. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेनऊ ते साडेदहा तास मागे, त्यामुळे पहाटे दोनला टक्क जाग येईल. तरी दुपारी झोपू नकोस.

वर्गात बहुतेक अमेरिकी अधिकारीच असतात. त्यांच्याकडे सुमारे 18,000 स्वतंत्र पोलीस यंत्रणा आहेत, काहींत जेमतेम दहा-बारा माणसं. आपल्यासारखं राज्यभर एकच पोलीस दल ही गोष्ट त्यांना नवलाची वाटते, तेव्हा ठाणे-उपविभाग-जिल्हा ही उतरंड सोप्या इंग्रजीत सांगायची तयारी इथूनच करून जा. आणि गप्प बसू नकोस. आपल्याला वरिष्ठांसमोर न बोलण्याची सवय असते, तिथे तो निरुत्साह समजला जातो. उच्चार कळला नाही तर सरळ पुन्हा विचार, कोणी वाईट मानत नाही.

धावण्याचा सराव आजपासूनच. शेवटी यलो ब्रिक रोड या तिथल्या धावमार्गाचे 6.1 मैल अडथळ्यांसकट पार करायचे आहेत, पण पहिल्याच आठवड्यात जोर दाखवून गुडघा दुखावून घेऊ नकोस.

दलाची बोधचिन्हं मात्र भरपूर ने. ती अदलाबदल करतानाच खऱ्या ओळखी होतात.