वाचक विचारतात : म्यूकर, फळावरचा आणि रुग्णातला

मागच्या अंकात म्यूकरवरच्या, म्हणजे फळं कुजवणाऱ्या आणि माणसात ‘काळी बुरशी’ हा आजार करणाऱ्या बुरशीच्या कुळावरच्या, संशोधनाचा लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

स्ट्रॉबेरीचे पनेट (फळांचे छोटे डबे) फ्रीजमध्ये दोन अंशांवर ठेवूनही फळावर कापसासारखी बुरशी येते, तळाशी रस सुटतो. हीच ती ‘काळी बुरशी’ का? घरात मधुमेही माणूस आहे.
— शेतकरी, भिलार

कुळ तेच, पण माणसाला धरणारी जात ही नव्हे. इतक्या थंडीत फळाचं पाणी करतो तो बहुधा म्यूकर पिरिफॉर्मिस. तो शून्य अंशालाही वाढतो. 37 अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत, मात्र वाढत नाही. त्याचा भाऊबंद रायझोपस पाच अंशांखाली जवळपास थांबतो, म्हणून फ्रीजबाहेर गळ सुटली तर संशय त्याच्यावर घ्यावा. फळावर करडी भुकटी आहे आणि रस सुटत नाही, तर ती बोट्रायटिस. तिचं कुळच वेगळं.

म्यूकरचे बीजाणू चिकट थेंबात असतात, वाऱ्यानं फारसे उडत नाहीत. माती, पाण्याचे शिंतोडे आणि तोडणाऱ्यांचे हात यांतून ते खरचटलेल्या फळात शिरतात. त्यामुळे खाली पडलेलं फळ पनेटमध्ये घालू नये आणि वाफ्यातही कुजत ठेवू नये. कुजकं फळ उचलणारा माणूस आणि बादली वेगळी असावी. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा या कुळावर उपयोग नाही. ते पैसे तोडणीनंतर लगेच माल गार करण्यावर घालावेत. मधुमेही माणसाला कुजका माल निवडायला बसवू नये, एवढी काळजी पुरे.

रुग्णाच्या नाकातल्या ऊतीला केओएच (ऊती विरघळवून बुरशी उघडी करणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली रुंद तंतू स्वच्छ दिसतात, कल्चर (प्लेटवर बुरशी वाढवून बघणं) मात्र कोरं राहतं. चूक कुठे होते?
— एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, कराड

बहुतेक वेळा खलात. या तंतूंना आडवे पडदे जवळपास नसतात. एका जागी चिरडला की लांबवरचा जीवरस गळून जातो आणि तंतू मरतो. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीला पडदे असतात, म्हणून तो कुटून घेतला तरी उगवतो, आणि तीच सवय इथे नडते. ऊती कुटू नका. निर्जंतुक ब्लेडनं 2–3 मिलिमीटरचे तुकडे करा आणि अगारमध्ये (बुरशी वाढवायच्या जेलीत) हलकेच दाबून बसवा. सॅबोरो डेक्स्ट्रोज अगारमध्ये जिवाणू रोखणारं क्लोरॅम्फेनिकॉल चालेल, या बुरशीलाच रोखणारं सायक्लोहेक्सिमाइड अजिबात नको. एक संच 25 अंशांवर, दुसरा 37 वर ठेवा. जिवंत असेल तर एक ते तीन दिवसांत कापूस झाकणाला टेकतो.

तरीही प्लेट कोरी राहिली, तर मागं जाऊन चौकशी करा. नमुना फॉर्मेलिनमध्ये आला होता का? शस्त्रक्रियेच्या वेळीच दोन डब्या कराव्या लागतात: सलाइनमधली तुमची, फॉर्मेलिनमधली पॅथॉलॉजीची. नमुना रात्रभर फ्रीजमध्ये राहिला होता का? अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध आधीच सुरू होतं का? तुकडा काळ्या मेलेल्या भागाच्या मधोमधचा होता की जिवंत ऊतीला लागून असलेल्या कडेचा? कडेचाच हवा.

केओएच 10 ते 20 टक्के, 15 ते 30 मिनिटं. तंतू साधारण 6 ते 16 मायक्रॉन रुंद आणि फितीसारखे दिसतात. अ‍ॅस्परजिलसचे 3 ते 5 मायक्रॉनचे, नियमित पडद्यांचे. म्यूकरच्या तंतूला फांदी काटकोनात फुटते, या खुणेवर फार भिस्त ठेवू नका, कव्हरस्लिपखाली तंतू वळतो आणि कोन फसवतो. उलट प्रकार, म्हणजे केओएचमध्ये काहीच नाही आणि प्लेटवर भरघोस वाढ, हा हवेतला बीजाणूही असू शकतो. गॅलॅक्टोमॅनन ही अ‍ॅस्परजिलस शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून कुणी निर्धास्त होत असेल तर त्याला अडवा. म्यूकरच्या कुळात ती चाचणी निगेटिव्हच येते. आणि कल्चरची वाट न बघता केओएचचा निकाल त्याच दिवशी सर्जनना फोनवर कळवा.

साखर वाढली की हीच बुरशी का बळावते?
— शिक्षिका, विटा

रुग्णांत बहुतेकदा सापडतो तो याच कुळातला रायझोपस. त्याच्या बीजाणूवर कॉटएच नावाची प्रथिनं असतात. ती आपल्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या जीआरपी78 या प्रथिनाला पकडून आत शिरतात. साखर, लोह आणि कीटोन वाढले की जीआरपी78 वाढतं. त्यातच कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे कीटोन फार साचले की, रक्त आम्लधर्मी होऊन बांधलेलं लोह सुटतं, ते बुरशीला आयतंच मिळतं. अ‍ॅस्परजिलस आणि कँडिडा या इतर बुरशींकडे कॉटएच नाही. मग लोह काढून घेतलं तर? उंदरांत डेफेरासिरॉक्स या लोह काढणाऱ्या औषधानं फायदा दिसला होता, पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 20 रुग्णांच्या चाचणीत ते घेतलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. साखर आणि कीटोन ताब्यात आणणं हाच उपाय हाताशी आहे.

मधुमेही रुग्णाला अँफोटेरिसिन डेक्स्ट्रोजमधूनच का? नातेवाईक भांडतात, ‘शुगर आहे तरी साखरेची बाटली लावता’ म्हणून.
— स्टाफ नर्स, मिरज

सिस्टर, सलाइनमध्ये या औषधाचा साका धरतो, म्हणून. नातेवाइकांना हिशेबच दाखवा. 60 किलोचा रुग्ण, किलोमागे 5 मिलिग्रॅम लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं) अँफोटेरिसिन, म्हणजे 300 मिलिग्रॅम, 50 च्या सहा कुप्या. प्रत्येक कुपीत 12 मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचं. एकूण 75 मिली होतं. ते 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून 75 ते 225 मिली 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं आणि साधारण दोन तासांत द्यायचं. यात साखर गेली जास्तीत जास्त सव्वाअकरा ग्रॅम. तेवढी इन्सुलिननं सांभाळता येते. मूत्रपिंडासाठी आधी सलाइन दिलं असेल तर औषध जोडण्यापूर्वी नळी डेक्स्ट्रोजनं धुऊन घ्या, नाहीतर साका नळीतच धरेल. क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांवर नजर हवी. पोटॅशियम तर हमखास उतरतं.

खरी भीती साखरेची नाहीच. साधं अँफोटेरिसिनही 50 मिलिग्रॅमच्याच कुपीत येतं आणि त्याचा डोस किलोमागे एक ते दीड मिलिग्रॅमच असतो. लायपोसोमलच्या हिशेबानं ते दिलं गेलं तर हृदय बंद पडू शकतं. कुपीवरचं पूर्ण नाव दोघींनी मोठ्यानं वाचल्याशिवाय औषध जोडू नका.