गर्भाशयाचं तोंड अरुंद का होतं? त्यावर उपचार काय?

गर्भाशयमुखाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढल्यापासून पाळीत नुसते डाग दिसतात, ओटीपोटात मात्र असह्य कळा येतात आणि डॉक्टरांनी तोंड अरुंद झाल्याचं सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. या दुखण्याला ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून गप्प बसवलेल्या बायका मी पाहते, त्याचं फार वाईट वाटतं. तुमचं दुखणं खरं आहे.

गर्भाशयमुखातली वाट मुळातच बारीक असते. कोन बायोप्सी (शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढणं) किंवा लीप (विजेच्या तारेच्या कडीने तुकडा काढणं) झाल्यावर तिथली जखम भरताना आकसते आणि वाट आणखी आवळते. जितका खोल तुकडा काढलेला, तितका हा धोका जास्त. क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडणं), रेडिएशन, जंतुसंसर्ग यांमुळेही असं होतं. काहींना ते जन्मतःच असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटून ती जागा सुकते, त्यामुळे उतारवयात हे बरंच आढळतं.

त्रास नसेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही. मुख्य प्रश्न असतो आत काय तुंबलंय याचा. रक्त साचलं तर गर्भाशय फुगतं, कळा येतात. ते उलटं बीजवाहक नळ्यांवाटे पोटातही जाऊ शकतं. हे सोनोग्राफीत दिसतं. पाळी गेलेल्या बाईच्या गर्भाशयात रक्त किंवा पू साचला असेल, तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही ना, याची खात्री करायलाच हवी. तिथे चालढकल नको.

उपचार म्हणजे वाट रुंद करणं. गरोदरपण नाही हे आधी तपासतात. मग भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, अगदी बारीक सळई घालतात आणि एकेक माप वाढवत नेतात. अडथळा सुटला की काळपट, घट्ट, जुनं रक्त बाहेर येतं. तोंड सापडत नसेल तर दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, वाट मोकळी करतात. घाईने जोर लावला तर गर्भाशयाला भोक पडू शकतं, म्हणून अनुभवी हात हवा.

खरी अडचण पुढे आहे : वाट पुन्हा आवळते. म्हणून काही वेळा आत थोडे दिवस नळी ठेवतात. पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनही देतात. ‘पुन्हा बंद झालं तर काय करायचं?’ हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

मूल हवं असेल तर धीर सोडू नका. यातही दिवस राहतात. नाही राहिले तर शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडता येतात. गरोदर राहिलात की तुकडा काढल्याचं पहिल्याच भेटीत सांगा, कारण अशा गरोदरपणात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढतो.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा थांबतच नाहीत अशा कळा असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.