बाबांना बिडीचं नुकसान माहीत नाही का?

प्रश्न : आमचे बाबा रोज दोन बंडल बिडी ओढतात. गावात शिबिर झालं, सडलेल्या तोंडाचे, काळ्या फुप्फुसाचे फोटो दाखवले, तर बाबा मधातूनच उठून बाहेर गेले अन् बिडी पेटवली. मी भांडून राहिली, बंडल लपवून राहिली, काही फरक नाही. त्यांना जिवाची पर्वा नाही का?
– एक लेक, दारव्हा तालुका

उत्तर : पोरी, बाबांना सगळं माहीत आहे. २०१६ पासून बंडलाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र अन् इशारा छापायचा नियम आहे, म्हणजे तसले फोटो त्यांच्या खिशातच असतात. शिबिरवाले लोक चांगल्या मनाचेच, पण त्यांना वाटते माणसाला समजत नाही म्हणून तो ओढते, अन् मग तेच ते मोठ्या आवाजात सांगतात. बाबा उठून गेले ते घाबरले म्हणून, अन् घाबरल्यावर हात कुठं जाते? बिडीकडंच.

तू कधी रात्रीच्या ओलितावर गेली का त्यांच्यासोबत? लाइन रात्री येते, हरभऱ्याला पाणी चालू, थंडी, डुकरं येतात का ते पाहायचं, अन् सोबतीला कोणी नाही. मजुरीवर असलेला माणूस वावरात नुसता बसला तर मालक बोलते, बिडी ओढत बसला तर पाच मिनिटं कोणी काही म्हणत नाही. सुटी तेवढीच. हे कोणी विचारतच नाही, याचं मला लय वाईट वाटते.

त्यावर निकोटीन. झुरका घेतला की १०-२० सेकंदांत मेंदूत पोचते, दोनएक तासांत रक्तातलं निम्मं उतरते, मग चिडचिड, बेचैनी, अन् बिडी ओढली की थांबते. म्हणून बिडीनं डोकं शांत होते म्हणतात ते खोटं नाही, फक्त ती बेचैनी बरीचशी बिडीनंच आणलेली असते. अन् पानाची आहे म्हणून बिडी साधी नाही बरं, ती विझू नये म्हणून घडीघडी ओढावी लागते, धूर जास्तच जाते.

लपवणं बंद कर. माझ्या वडलांचे बंडल मी लपवायचो तर ते अंगणातली थोटकं वेचून ओढायचे, मला अजून ते आठवते. त्यापेक्षा विचार, बाबा, दिवसातली कोणती बिडी सोडणं सगळ्यात जड जाईल? ते सांगतील. मग बाकीच्या बिड्या सोडण्यापासून सुरुवात करा, हरभरा निघाल्यावर, ओलिताच्या दिवसांत नको, कारण पूर्ण सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात अन् चिडचिड काही आठवडे राहते. त्या दिवसांत ते ओरडले तर मनावर घेऊ नको. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर फुकट आहे, निकोटीनच्या गोळीबद्दल डॉक्टरला विचार. खोकला दोन आठवडे हटला नाही किंवा थुंकीत रक्त दिसलं तर थांबू नको, दवाखान्यात ने.

अन् एक, बिडी सोडवायला कोणी खर्रा दिला तर घेऊ देऊ नको. आपल्याकडं हे लय होते, अन् खर्र्यातल्या तंबाखूनं पण कॅन्सर होते, सुपारीनं पण.