नागपुरात शनिवार-रविवार : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दोन दिवसांच्या सहलींविषयी प्रश्न पाठवण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांतून या वेळी नागपूर आणि त्याच्या आसपासची ठिकाणे यांबद्दलची पत्रे निवडली आहेत. माझे शिक्षण आणि नोकरीची पहिली काही वर्षे त्याच शहरात गेल्यामुळे ही निवड पूर्णपणे निःपक्षपाती आहे, असा दावा मी करणार नाही.

प्रश्न : कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर पाहण्याची माझ्या सासूबाईंची फार दिवसांची इच्छा आहे. आम्ही बौद्ध नाही. आम्हाला आत प्रवेश मिळेल का? पूजेचे साहित्य काय न्यावे आणि तेथे काय करू नये? (एक वाचक, नाशिक)

प्रवेशाची चिंता मनातून काढून टाकावी. विहारात कोणालाही जाता येते आणि दाराशी आपली जात किंवा धर्म कोणी विचारत नाही. चपला बाहेर काढाव्यात, डोक्यावर टोपी असल्यास ती उतरवावी, मोबाइल बंद ठेवावा आणि बोलायचे झाल्यास हलक्या आवाजात बोलावे. नारळ फोडणे, नैवेद्य, तीर्थ यांपैकी काहीही तेथे नसते. फुले, मेणबत्ती किंवा अगरबत्ती वाहण्याची पद्धत आहे, परंतु रिकाम्या हातांनी गेल्यास काही उणे राहिले असे कोणी मानत नाही. त्या वेळी सामुदायिक वंदना सुरू असेल तर मागे शांतपणे बसून राहावे. त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याची वचने) आणि पंचशील (सदाचाराचे पाच नियम) पाली भाषेत म्हटले जातात. शब्द ठाऊक नसले तरी चाल दोन-तीन ओळींत कानांत बसते, असा माझा अनुभव आहे.

हे विहार 1999 मध्ये खुले झाले. जपानमधील नोरिको ओगावा यांच्या सोसायटीच्या साहाय्याने ते उभे राहिले आणि आतील बुद्धमूर्ती चंदनाच्या लाकडातून घडवलेली आहे. छायाचित्रांत इमारतच अधिक दिसते आणि बहुतेक मंडळी बाहेरच्या हिरवळीवर फोटो काढून परततात. माझे सांगणे असे, की सासूबाईंना सभागृहात अर्धा तास बसू द्यावे आणि ‘चला, उशीर होतोय’ हे वाक्य त्या दिवसापुरते घरी ठेवून यावे. मी पहिल्यांदा तेथे गेले तेव्हा दहा मिनिटांत बाहेर पडले होते आणि काय पाहिले असे कोणी विचारल्यावर मला इमारतीच्या रंगापलीकडे काही सांगता आले नव्हते. दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर गुडघेदुखीने बेजार झालेली मावशी होती. तिला उठवत नव्हते म्हणून मलाही बसावे लागले, आणि ती भेट आजही माझ्या लक्षात आहे.

नावाविषयी एक गोष्ट सांगते. नागपूरजवळच्या विहाराला ‘ड्रॅगन’ कशासाठी, असे अनेकांना वाटते. चिनी आणि जपानी बौद्ध ग्रंथांत ‘नाग’ या शब्दासाठी ड्रॅगनचाच शब्द योजलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात केलेल्या भाषणात दीक्षेसाठी हेच शहर का निवडले ते स्पष्ट केले होते. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणारे लोक नाग होते आणि त्यांची वस्ती या परिसरात होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे ध्यानात ठेवून पाहिले, की कामठीचे ते परके वाटणारे नाव एकाएकी घरचे वाटू लागते.

आता आपल्या पत्रातील ‘मंदिर’ या शब्दाविषयी. नागपूरला जाऊन केवळ कामठी पाहणे आणि दीक्षाभूमी टाळणे मला योग्य वाटत नाही, आणि दीक्षाभूमी हे मंदिर नव्हे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी तेथे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आज तेथे दिसणारा स्तूप सांचीच्या स्तूपाच्या वळणावर बांधलेला आहे, मात्र सांचीचा स्तूप आतून भरीव आहे आणि हा पोकळ, म्हणजे माणसांना आत येऊन बसता येईल असा आहे. त्याचे उद्घाटन 2001 च्या डिसेंबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आत बुद्धमूर्तीसमोर बाबासाहेबांच्या अस्थींचा कलश आहे. कामठीला शांतता भेटते, दीक्षाभूमीवर इतिहास भेटतो. सासूबाईंना दोन्हींचा लाभ व्हावा, म्हणून शनिवारी सायंकाळी दीक्षाभूमी आणि रविवारी सकाळी कामठी असा क्रम ठेवावा.

प्रश्न : दीक्षाभूमीला मग दसऱ्यालाच जावे का? (एक वाचक, ठाणे)

सहल म्हणून जायचे असेल तर नको. त्या दिवशी देशभरातून लाखो लोक येतात, निवासाची सोय होत नाही आणि स्तूपाच्या आत निवांत बसणे अशक्य असते. परंतु तो सोहळाच अनुभवायचा असेल तर अवश्य जावे, मैलोन्मैल चालण्याची तयारी ठेवावी आणि एक रिकामी पिशवी बरोबर घ्यावी, कारण तेथील पुस्तकांच्या दुकानांपुढून रिकाम्या हातांनी परतणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उन्हाळ्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. एप्रिल आणि मे या महिन्यांत, उन्हाची सवय नसलेल्या पाहुण्याने नागपूरच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : सावजी जेवणाची इतकी ख्याती ऐकली आहे, की भीतीच वाटते. आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे तिखटाला घाबरणारे नव्हे, पण यजमान शाकाहारी आहेत. आम्ही दोघांनी एकत्र कोठे आणि काय जेवावे? (एक वाचक, कोल्हापूर)

कोल्हापूरच्या माणसाने तिखटाची भीती व्यक्त करावी, यातच सावजीचा विजय आहे. वास्तविक दोन्हींच्या तिखटांची जातच वेगळी आहे. तांबड्या रश्श्याचा तिखटपणा जिभेवर लगेच जाणवतो आणि पांढरा रस्सा त्याला आवर घालतो. सावजी रस्सा काळपट असतो. त्यात भाजलेल्या मसाल्यांचा, खसखशीचा आणि दगडफुलाचा वास पुढे असतो आणि जाळ मागून, चौथ्या-पाचव्या घासाला येतो. शेजारी पांढऱ्या रश्श्याची सोबत नसते. कांदा, लिंबू आणि पोळी एवढ्यावरच निभवावे लागते. ‘कमी तिखट’ अशी मागणी करून पाहण्यास हरकत नाही. मी एकदा केली होती, तेव्हा वाढणाऱ्या काकांनी मान डोलावली आणि तोच रस्सा थोडा कमी वाढला.

हे जेवण मुळात हलबा कोष्टी समाजाचे, म्हणजे हातमागावर लुगडी विणणाऱ्या कुटुंबांचे आहे. जुन्या पद्धतीत ते जवसाच्या तेलात केले जात असे. नागपुरात 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रावरचे कापड स्वस्त होत गेले, हातमागांचा आवाज मंदावला आणि विणकर घरांतील चूल हेच अनेकांच्या पोटापाण्याचे साधन झाले. म्हणूनच अस्सल सावजी भोजनालय आजही एखाद्या घराच्या पुढच्या खोलीसारखे दिसते. चार-सहा टेबले, स्टीलची ताटे, आणि भिंतीवरच्या पाटीवर मटण, चिकन, खूर, खिमा, अंडी अशी यादी. वातानुकूलित हॉटेलात, केळीच्या पानाची नक्षी असलेल्या ताटात मिळणारे ‘सावजी’ मी दोनदा खाल्ले आणि दोन्ही वेळा घरी येऊन वरणभात खाल्ला.

यजमानांची सोय तेथेच होईल. शाकाहारी सावजीत पाटोडीचा रस्सा मिळतो. बेसनाच्या शिजवलेल्या वड्या त्याच काळ्या रश्श्यात सोडलेल्या असतात. माझ्या मते हा पदार्थ मटणापेक्षा रश्श्याची चव अधिक प्रामाणिकपणे दाखवतो, कारण रस्सा लपवायला त्यात काही नसते. डाळकांदा हा दुसरा पर्याय, म्हणजे हरभऱ्याची डाळ कांद्याबरोबर शिजवून केलेली दाट भाजी. शाकाहार अगदी काटेकोर असेल तर स्वयंपाक आणि भांडी वेगळी आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. या प्रश्नाचा तेथे कोणी राग मानत नाही.

सावजीपलीकडेही नागपूर आहे, हे पाहुणे विसरतात. सकाळी तर्री पोहे खावेत. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, म्हणजे तर्री, घालून देतात आणि वर पुन्हा मागितल्यास बहुतेक ठेल्यांवर हसतमुखाने घालतात. दुपारी गोळाभात मिळाला तर सोडू नये. भातात डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे कुस्करायचे आणि वर मोहरी-हिंग-लाल मिरचीची फोडणी सढळ हाताने घ्यायची. सांबारवडी मागवताना इडलीबरोबरच्या सांबाराची वाट पाहू नये. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ही वडी म्हणजे बेसनाच्या पारीत भरलेले कोथिंबिरीचे चटकदार सारण. हा घोटाळा माझ्या पुण्याच्या वहिनीने आमच्या घरी केला होता आणि त्यावरून आम्ही अजूनही तिला चिडवतो.

प्रश्न : रामटेकला जाताना मनसर येथे उत्खनन झालेली टेकडी पाहिली. आमच्या गाडीचालकाने ती बौद्ध असल्याचे सांगितले, तर रामटेकला भेटलेल्या एका गृहस्थांनी ते शिवमंदिर असल्याचे सांगितले. खरे काय? (एक वाचक, अमरावती)

दोघांच्याही म्हणण्यामागे काही आधार आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन सुरू झाले. त्यामागे जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे भारताचेच झालेले भदन्त सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने चालणारी संस्था होती. प्राचीन बौद्ध तत्त्वज्ञ आचार्य नागार्जुन यांचा या परिसराशी संबंध असल्याची श्रद्धा जुनी आहे आणि त्याच श्रद्धेने या कामाला बळ मिळाले. उत्खननात विटांचे भव्य बांधकाम उघडे पडले. प्राचीन काळी विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातील राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांत ‘प्रवरेश्वर’ या शिवाच्या देवस्थानाचा उल्लेख येतो. ते देवस्थान म्हणजेच मनसरचे अवशेष, असे हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. याच मनसरला सापडलेली एक अतिशय देखणी शैव मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मला स्वतःला वाकाटकांचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. तरीही आपल्या चालकाला मी खोटे ठरवणार नाही. ज्यांच्या श्रमांनी आणि देणग्यांनी ती टेकडी मातीखालून वर आली, त्यांच्यासाठी ती नागार्जुनाची आहे.

पुढच्या वेळी कामठी, मनसर आणि रामटेक हे एकाच दिवशी करता येईल, कारण नागपूरहून निघाल्यावर ते याच क्रमाने वाटेत येतात आणि रामटेक सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. मनसरला सावली जवळजवळ नाही, म्हणून तेथे उन्हे चढण्यापूर्वी पोहोचावे. दुपारचे जेवण रामटेकला घ्यावे आणि खिंडसी तलावाच्या काठी एक तास काढून मगच परतीची वाट धरावी.

प्रश्न : घरी आणण्यासारखे काय? (एक वाचक, वडोदरा)

हिवाळ्यात गेलात तर संत्रा बर्फीपेक्षा संत्रीच आणावीत. संत्र्याच्या झाडाला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, येतात. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला बाजारात येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. यांपैकी मृग बहाराची मला अधिक गोड वाटतात. संत्रा बर्फी मात्र प्रवासात चार दिवस टिकते, आणि गाडीत मुले असतील तर चार तासही टिकत नाही.