ताज्या कलमातली मुलगी

प्रश्न : मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात ७१.४ टक्के मिळाले. अकाउंटिंगचं सगळं काम आता एआय करणार, असं रोज कानावर येतं. म्हणून तिला डेटा सायन्सच्या कोर्सला घालायचं आम्ही ठरवलंय, पण ती ऐकत नाही. पुढची पंचवीस वर्षं नक्की टिकेल असं क्षेत्र सुचवा. ता. क. : हल्ली अभ्यास सोडून कॉलेजच्या कार्यक्रमाचा हिशेब जुळवत रात्री दोनपर्यंत बसते. तिकिटांच्या पैशांचा मेळ लागत नव्हता म्हणे. एक तिकीटपुस्तक दोनदा धरलं गेल्याचं शेवटी तिनेच शोधून काढलं. – एक पालक

उत्तर : तुमची काळजी खरी आहे. पण पत्र वाचून मला मुलीच्या भवितव्यापेक्षा तुमच्या घरातल्या आजच्या वातावरणाची जास्त काळजी वाटली. तिचे गुण तुम्ही दशांशापर्यंत कळवलेत. ती कोर्सला नाही का म्हणते, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुम्ही तिला विचारलंत का? ‘आम्ही ठरवलंय’ हे वाक्य एकविसाव्या वर्षी ऐकावं लागलं की मुलं वाद घालायचं सोडतात आणि हळूहळू गप्प होतात. पालकांना तो होकार वाटतो. दोन वर्षांनी कोर्स अर्धवट टाकून माझ्यासमोर बसलेली अशी मुलं मी पाहिली आहेत.

पंचवीस वर्षं टिकणारं क्षेत्र मी सांगू शकत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. २०१६ साली एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की, नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पुढे २०२४ मध्ये याच हिंटन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या विषयातला अधिकारी माणूस. तरीही रेडिओलॉजिस्टची गरज आजही आहे.

तुमचा मोठा गैरसमज असा की, यंत्र आलं की अख्खा व्यवसाय जातो. व्यवसाय म्हणजे अनेक कामांची मोट असते, त्यातली काही कामं जातात. डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी वर्गात बसून फळ्यावरचा हिशेबाचा तक्ता पाहत होता. एक आकडा बदलला की प्राध्यापकांना पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यातून १९७९ मध्ये बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने ‘व्हिसीकॅल्क’ आणलं, आजच्या एक्सेलसारख्या स्प्रेडशीटचा पूर्वज. त्यानंतर अमेरिकेत नुसत्या नोंदी करणाऱ्या कारकुनांची कामं घटली, अकाउंटंट आणि वित्त विश्लेषकांची वाढली. ‘असं केलं तर काय होईल?’ हा प्रश्न दिवसातून वीसदा विचारणं परवडू लागलं आणि उत्तराचा अर्थ लावणारी माणसं हवीशी झाली. पण कारकुनांचं नुकसान झालं ते झालंच. तसंच आताही नोंदी, बिलं लावणं, पत्रांचे मसुदे ही नवख्यांची पहिली कामं यंत्राकडे चालली आहेत. तुमच्या मुलीला पहिली नोकरी मिळायला वेळ लागू शकतो. त्या काळात घरात टोमणे नकोत.

आता तुमच्या ताज्या कलमाबद्दल. अख्ख्या पत्रात तुमची मुलगी मला तिथेच भेटली, आणि तुम्ही ती गोष्ट तक्रार म्हणून लिहिलीत! गुण मिळणार नसताना, कुणी सांगितलेलं नसताना तिने चूक सापडेपर्यंत हिशेब सोडला नाही. संशयास्पद नोंद उद्या यंत्रही दाखवेल. पण ज्या मुलाकडे ते पुस्तक होतं त्याला चोर न ठरवता विचारणं, आणि ‘हा हिशेब बरोबर आहे’ म्हणून खाली सही करणं, हे माणसालाच करावं लागतं. ही तिची ओढ ऑडिटकडे जाते.

सीए, एमबीए, स्पर्धा परीक्षा हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, ते कुठे पळून जात नाहीत. डेटाची साधनं तिने जरूर शिकावीत, पण हिशेबाच्या कामासाठी. आधी परीक्षा संपली की तीन महिने एखाद्या ऑडिटच्या ऑफिसात तिला उमेदवारी करू द्या. तिथे सॉफ्टवेअर काय करतं आणि साहेबांच्या टेबलावर काय उरतं, हे ती स्वतः बघेल. तोवर कोर्सची फी भरू नका.

आज रात्री तिच्याजवळ बसा आणि ते तिकीटपुस्तक कसं सापडलं, ते तिला सांगायला लावा. मध्ये बोलू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.